बुडाला म्हणण्याआधीचा वेळ

गरम होण्याची फेरी (ही धरायची नाही)

प्रोग्रामला किती वेळ लागतो ते मोजायचं असेल तर पहिली फेरी सोडून द्यायची, हा शरदचंद्रांचा जुना नियम. पहिल्या फेरीत मशीन जागं होत असतं, डिस्कवरून सामानसुमान काढत असतं, इकडचं तिकडे मांडत असतं. तो आकडा खरा नसतो. जयवंतीबाईंना हे एकदा त्यांनी फार कौतुकानं समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "त्यात काय सांगायचंय? पहिलं धिरडं तव्याचंच असतं."

तेव्हा या फेरीत नुसती माणसं बघून घ्या.

देवासचं घर. फेब्रुवारीतला रविवार, जेवणं होऊन गेलेली. टेबलाशी शरदचंद्र, वय शहात्तर, धारच्या एका सरकारी कचेरीतल्या आकडेवारी विभागातून कधीचे निवृत्त. समोर योगेंद्र, त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा, इंदूरला सॉफ्टवेअर कंपनीत. शिक्षण सगळं हिंदीतून, म्हणून मराठी बोलतो झरझर आणि वाचतो बोट ठेवून. आत ओट्याशी नीरजा, शरदचंद्रांची मुलगी. ते आता तिच्याकडेच राहतात. जयवंतीबाई नाहीत. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

टेबलावर शरदचंद्रांचा जुना लॅपटॉप. योगेंद्रचा नवा, झगझगीत लॅपटॉप पिशवीतच होता, मुद्दाम. "अपने लोगों के पास सस्ते फोन हैं काका," तो म्हणाला होता, "माझ्या मशीनवर सगळंच फास्ट पळेल. तुमच्यावर पळालं तर खरं."

मोजायचं कशासाठी, तर योगेंद्र रविवार-रविवार बसून एक ॲप करत होता. दिवेलागणीची घंटा. माळव्यातल्या मराठी घरांनी आपलं गाव निवडायचं, धार, देवास, कुक्षी, सोनकच्छ, हाटपिपल्या, आणि त्या गावाचा सूर्य बुडाला की फोनवर घंटा व्हायची. वर्षभराचा तक्ताही दिसायचा. हा हिशेब करायला त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, इंटरनेटवर फुकट मिळणारी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेला हिशेबाचा कोड. दुसरी, शरदचंद्रांनी तीस वर्षांपूर्वी धारच्या घरात लिहिलेला प्रोग्राम. जो लवकर हिशेब करील तो ॲपमध्ये जाणार.

शरदचंद्रांना आपला जायला हवा होता. मोठेपणासाठी नव्हे; "तुमचं नाव घालतो" म्हटल्यावर त्यांनी हातानंच नको केलं होतं. पण तो प्रोग्राम त्यांच्या एकट्याचा नव्हता. अर्धा जयवंतीबाईंचा होता. त्यांनी घातलेली लोणची संपली होती, त्यांनी विणलेले स्वेटर नातवंडांना आखूड झाले होते. त्यांनी केलेलं आणि अजून चालतं असं एवढंच उरलं होतं.

झाली फेरी. सोडून द्या.


फेरी पहिली (रद्द)

योगेंद्रनं मोजायची पद्धत सोपी ठेवली होती. सुरू करताना घड्याळ बघायचं, संपल्यावर बघायचं, वजाबाकी करायची. लायब्ररीचं काम डोळ्याची पापणी लवेपर्यंत झालं. मग काकांचा प्रोग्राम लावला. तो चालू असताना योगेंद्रनं फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडलं, कसलीशी फाइल हवी होती म्हणून. थोड्या वेळानं पडद्यावर उत्तर आलं.

"बत्तीस मिनिटं!" योगेंद्र खुर्चीतून उठलाच. "काका, अपने ने तो अभी चाय भी नहीं पी!"

नीरजा आतून म्हणाली, "म्हणजे चहा हवाय हे सांगायला एवढं नाटक."

"अगं ताई, खरंच. बघ ये."

शरदचंद्रांनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याचा खालचा कोपरा पाहिला आणि त्यांना हसूच फुटलं. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कारण चूक त्यांच्या घराण्याची होती, आणि ती शंभर वर्षं जुनी होती.

धारच्या त्यांच्या घरात दोन घड्याळं नांदत. आजोबांनी रेल्वेची वेळ उंबऱ्याच्या आत घेतलीच नाही. साऱ्या हिंदुस्थानला एकच दुपार कशी असेल, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बैठकीतलं घड्याळ सरकारी आणि देवघरातलं धारचं, म्हणजे धारच्या सूर्याचं, जवळजवळ अर्धा तास मागे. शाळा, बँक, बस सरकारी वेळेनं. संध्या, नैवेद्य, दिवा घरच्या वेळेनं. लहानपणी शरदचंद्रांना वाटे, प्रत्येकाच्याच घरी असं असतं. "किती वाजले?" या प्रश्नावर त्यांची आई यमुनाबाई आधी विचारायची, "कुणाचे?"

देवासला आल्यावरही त्यांनी लॅपटॉपला हातानं धारचीच वेळ लावून ठेवली होती. धाकटे भाऊ गोपाळराव, योगेंद्रचे वडील, धारच्या घरातून फोनवर चिडवायचे, "दादा, तुमच्या देवासला सूर्य आमच्या तीन मिनिटं आधी बुडतो, निदान तेवढं तरी पुढं करा." दादांनी केलं नव्हतं. आणि आता योगेंद्रनं इंटरनेट जोडल्याबरोबर लॅपटॉपनं बाहेर चौकशी केली होती, आपलं घड्याळ मागे आहे हे त्याला कळलं होतं, आणि भर हिशेबाच्या मध्येच तो धारहून सरकारी वेळेत उडी मारून गेला होता.

"म्हणजे मधली उनतीस मिनिटं आजोबांची," योगेंद्र म्हणाला.

"पणजोबांची. तुझ्या."

"गजब खानदान है भिया."

त्यानं पद्धत बदलली. मशीनच्या आत एक मोजणी असते, चालू केल्यापासून नुसती पुढे पुढे जाणारी. तिला किती वाजले ते ठाऊक नसतं, तिला कोणी मागं-पुढं ढकलू शकत नाही. आता तिलाच विचारायचं. शरदचंद्रांनी मान डोलावली. किती वाजले आणि किती वेळ लागला यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे त्यांना देवघराच्या दारात उभं राहून फार लवकर कळलं होतं.


फेरी दुसरी

तीस वर्षांपूर्वीचं धार. जयवंतीबाई गच्चीवर, शरदचंद्र खाली खोलीत कॉम्प्युटरशी. मध्ये जिना. सूर्य पश्चिमेच्या टेकडीला टेकायच्या बेतात. पुस्तकातलं गणित सपाट जमिनीचं असतं, धारची पश्चिम सपाट नाही, म्हणून रोज संध्याकाळी खरोखरचा सूर्य बघून प्रोग्रामला टोचत राहायचं, असं चाललं होतं. जयवंतीबाई ओरडत, "बुडालाऽऽ!" आणि खाली शरदचंद्र त्या क्षणी


(मध्येच दाराची बेल. शेजारच्या उर्वशीबाई, वाटीभर हरभऱ्याची भाजी घेऊन. लॅपटॉपनंही तेवढ्यात स्वतःच्या मनानं काही अपडेट काढलं. मोजताना दुसरं काम मध्ये आलं की फेरी बाद. पुन्हा.)


फेरी दुसरी, पुन्हा

जयवंतीबाई ओरडत, "बुडालाऽऽ!" आणि खाली शरदचंद्र त्या क्षणी बटण दाबत.

दोन वर्षं, पावसाळे सोडून, हे चाललं. सुरुवातीला शेजारीपाजारी बिचकले. मग सवय झाली. गल्लीतली दोन घरं तर जयवंतीबाईंच्या आरोळीवरच दिवा लावू लागली. हळूहळू प्रोग्राम इतका शहाणा झाला की त्यांच्या आरोळीची आणि त्याच्या आकड्याची गाठ पडू लागली. मग शरदचंद्रांनी उलटं केलं: सूर्य बुडाला की कॉम्प्युटरच टूं करील, आणि जयवंतीबाईंनी ती घंटा ऐकून खाली यायचं, दिवा लावायचा. आरोळी बंद झाली. गच्चीवर जाणं मात्र बंद झालं नाही. गुडघ्यांनी जिना नाकारला तेव्हाच काय ते थांबलं, आणि मग घंटाही कोणी लावली नाही.

इकडे देवासला पडद्यावर आकडा आला.

लायब्ररी: पापणी लवते तेवढा. शरदचंद्र: तीन मिनिटांच्या वर.

योगेंद्रनं आणखी दोनदा लावून पाहिलं. सगळ्यांत कमी वेळ धरायचा, कारण अडथळे वेळ वाढवतातच, कमी कधी करत नाहीत. तरी तेच. त्यानं चहाचा कप उगाचच फिरवला.

"काका, पुराना कोड है. चलता है."

"तसं नाही." शरदचंद्रांचा आवाज कोरडा होता. "तीन मिनिटं लागायला आत आहे काय? त्रिकोणमितीतल्या चार ज्या, चार बेरजा. तीस वर्षांपूर्वीच्या मशीनवर मी हा पळवलाय."

नीरजा दारात टॉवेलला हात पुसत उभी होती. वडिलांचा कान लाल झालेला तिला दिसत होता. बाजारात कोणी वजनात मारलं की त्यांचा तसाच होई.

"नाना, राहू दे ना. योग्या दोन्ही घालेल."

"दोन्ही कशाला घालेल? धर्मादाय आहे का?"


फेरी तिसरी

योगेंद्रला एक सुचलं. आपण लिहितो ती भाषा मशीनच्या भाषेत उतरवायचं काम कंपायलर करतो, आणि त्याला दोन तऱ्हांनी राबवता येतं. एक: जसं लिहिलंय तसं उतरव. दुसरी: डोकं लावून उतरव. काकांच्या जुन्या सूचनांप्रमाणे तो पहिल्या तऱ्हेनं चालला होता. योगेंद्रनं दुसरी लावली.

शून्य.

"क्या बात है!" योगेंद्रनं टेबलावर थाप मारली. "काका, लायब्ररी गई तेल लेने!"

शरदचंद्र हसले नाहीत. त्यांच्या साहेबांना ते एकदा म्हणाले होते, उत्तर फार चांगलं आलं की आधी पंचनामा करावा. "शून्य कसं? मशीनला श्वास घ्यायलाही वेळ लागतो. त्यानं काम केलंच नसेल."

आणि नव्हतंच केलं. योगेंद्रनं पाहिलं तर तो निघालेले आकडे पुढे कुठे वापरतच नव्हता. मोजायचंय म्हणून नुसता हिशेब करायला लावत होता. हुशार कंपायलरनं विचार केला, ज्याचं उत्तर कोणी मागत नाही ते काम कशाला करू? आणि सगळा हिशेब गाळून टाकला.

"अगदी माझ्या ऑफिसातल्यासारखा," नीरजा म्हणाली.

मग योगेंद्रनं सगळ्या उत्तरांची बेरीज करून शेवटी छापायला सांगितली, म्हणजे कंपायलरला पळवाट राहणार नाही. पुन्हा लावलं. आता आकडा आला, खराखुरा, इवलासा. आणि तो लायब्ररीच्या निम्म्याहून कमी होता. पुन्हा लावलं, पुन्हा तसाच. तारखा तपासल्या, धारचा सूर्यास्त बरोबर, कुक्षीचा बरोबर.

आता मात्र शरदचंद्रांनी खुर्चीला पाठ टेकली. योगेंद्र त्यांच्या पाया पडला, अर्धा थट्टेनं आणि अर्धा खरोखर. नीरजानं गुळपोळीचा डबा काढला. एवढ्यावर गोष्ट संपली असती, पण शरदचंद्रांनी पोळीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "आधीची तीन मिनिटं मग गेली कुठं?"


फेरी चौथी

योगेंद्रनं कोड वर-खाली केला. घंटेच्या भागात एका जागी थांबला.

"ये देखो. इथं एक लूप आहे, पण आत काहीच नाही. नुसतं एकपासून मोजत जातंय. किती? बाप रे, पाच कोटी. मोजतंय आणि सोडून देतंय. मी वर्षभराच्या तक्त्यासाठी हाच भाग रोजचा, प्रत्येक गावाचा बोलावला, म्हणून तीन मिनिटं. काका, ये किस लिए?"

शरदचंद्रांच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

घंटा सुरू झाली त्याच आठवड्यात जयवंतीबाई जिन्याच्या वरच्या पायरीवरून म्हणाल्या होत्या, "अहो, तुमची ती घंटा फार उतावळी आहे. मी हात जोडलेले असतात तोवर वाजते. माणसाला हात सोडू तर द्या." गच्चीवर सूर्य दिसेनासा झाला की त्या हात जोडत. नमस्कार संपायच्या आत टूं व्हायचं. त्या जुन्या मशीनला 'जरा थांब' म्हणून सांगायची साधी रीत एकच होती: रिकामं मोजायला बसवायचं. शरदचंद्रांनी सूर्यास्ताच्या आणि घंटेच्या मध्ये लूप घातला, एकपासून पन्नास लाखांपर्यंत. दोन-तीन सेकंद असतील. जमलं.

"पाच कोटी नाही," ते म्हणाले. "पन्नास लाख."

"पाच कोटी है काका. शून्य मोजा."

मोजली. मग तेही आठवलं. महिन्या-दोन महिन्यांनी जिन्यातून आवाज यायचा, "आज पुन्हा लवकर वाजली हो." आणि ते, काही न विचारता, चालू कामातून मान वर न करता, आकडा थोडा वाढवून ठेवत. असं किती वेळा केलं असेल, त्यांनी कधी मनाशी धरलं नव्हतं. बायकोचं काम सावकाश, एवढंच धरलं होतं.

"आणि आता तो लूप?" नीरजानं विचारलं.

योगेंद्र जरा अवघडला. "उडाला. कंपायलरनं उडवला. म्हणून तर आपण जिंकलो. रिकामा आहे ना ताई. त्याचं उत्तर कोणालाच नको."

शरदचंद्रांनी हातातला तुकडा खाली ठेवला. मग शरदचंद्र म्हणाले, "म्हणजे माझं गेलं ॲपमध्ये. हिचं राहिलं बाहेर."

"अरे, उसमें क्या! लूप नको, सरळ पॉज घालतो घंटेच्या आधी. हिशेबात नाही येणार, फास्टचं फास्ट राहील. फक्त सांगा, किती सेकंद?"

आता गंमत बघा. जन्मभर वेळ मोजलेल्या माणसाला हे सांगता येईना. पाच कोटी हा आकडा कोडमध्ये होता, पण आकडा म्हणजे वेळ नव्हे. या लॅपटॉपवर पाच कोटी म्हणजे चुटकी वाजेपर्यंत. फोनवर आणखी काही. वेळ त्या जुन्या मशीनमध्ये होता, त्याच्या त्या संथ मोजण्यात. कोडमध्ये नुसतं कितीदा ते होतं.

"दोन धरू?" योगेंद्रनं विचारलं.

"अंदाजानं नको," शरदचंद्र म्हणाले. "गोप्याला फोन लाव."

फोनवर गोपाळराव म्हणाले, "जुनं मशीन? आहे की. कुठं जाणार? तुमच्या खोलीतच आहे, दादा. वरती हिनं पापडांचे डबे ठेवलेत."


फेरी पाचवी, धार

पुढच्या रविवारी नीरजानं गाडी काढली. इंदूरच्या बाहेरून, योगेंद्रला घेऊन, घाटाबिल्लोदच्या पुढे दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडू लागलेला. शरदचंद्र पुढच्या सीटवर हातात रुमाल घेऊन बसले होते आणि मशीन चालू होणार नाही याची कारणं एकेक करून सांगत होते. डिस्क चिकटली असेल. पॉवर सप्लाय फुगला असेल. मुंग्या.

"नाना, मग परत फिरू का?" नीरजा म्हणाली.

"पुढं बघून चालव."

गोपाळरावांनी डबे उतरवून, पुसून मशीन मांडून ठेवलं होतं. सत्तरीचे गोपाळराव मोठ्या भावापुढं अजून शाळकरी होत. "दादा, मी बटण दाबलं नाही हं. तुमच्या हातानंच."

शरदचंद्रांनी दाबलं. पंख्यानं आधी खोकून घेतलं. डिस्क कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. मग काळ्या पडद्यावर पिवळसर अक्षरं उमटली. आतली बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे मशीनच्या मते आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

"त्याला राहू दे तिथंच," शरदचंद्र म्हणाले. "आपल्याला तारीख नकोय."

एक फेरी त्यांनी अशीच लावून सोडून दिली. ती चालू असताना सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, गोपाळरावांच्या सूनबाईंना मिक्सर बंद ठेवायला सांगितलं, जणू मिक्सरनं जुन्या कॉम्प्युटरचं गणित चुकणार होतं. मग सगळे आत आले. घंटेची चाचणी घ्यायची एक खूण प्रोग्रामात होती: नाव लिहून पुढे एक अक्षर टाकलं की सूर्यास्ताची वाट न बघता ती थेट 'बुडाला' इथून सुरू होई. योगेंद्रनं फोनवर मोजणी लावायला अंगठा तयार ठेवला.

"मी एंटर दाबतो, तेव्हा तू."

"हां काका."

दाबलं.

पडदा तसाच. अक्षर हललं नाही.

एक नमस्कार होईल एवढा वेळ गेला. शरदचंद्रांचं बोट हवेत होतं. घंटा झाली नाही.

आणखी एक होईल एवढा.

"हँग झालं," योगेंद्र पुटपुटला.

"थांब."

"काका, बंद करून पुन्हा..."

"थांब म्हटलं ना," हे नीरजा म्हणाली. ती खिडकीशी होती. तिचा आवाज असा काही आला की तिघांनी वळून पाहिलं. "आई इतक्यात कुठली संपवते."

"काय संपवते?" शरदचंद्र.

"नावं. ती नावं घ्यायची, नाना. मी वाळलेले कपडे काढायला जायची ना वर, तेव्हा ऐकलंय. आधी नुसता नमस्कारच होता. मग माझी बोर्डाची परीक्षा आली, तर 'नीरजेला बुद्धी दे'. मग आजीचं पोट. 'सासूबाईंना रात्रीची झोप लागू दे.'"

पंखा घरघरत होता.

"मग गोपाळभावोजींची बदली, कुक्षीला."

"मला ठाऊकच नाही," गोपाळराव म्हणाले.

"मग योग्या सायकलवरून पडला. 'योगेंद्राचा हात सरळ बसू दे.' काम झालं तरी नाव काढायची नाही. म्हणायची, घेतलेलं नाव सोडू नये. समोरच्या सावित्रीबाईंचा मुलगा सापडत नव्हता, तो. हाटपिपल्याची आत्या. ती विहिरीवरची मांजरसुद्धा, एक वर्ष."

पडदा तसाच.

शरदचंद्रांनी विचारलं, "आणि माझं?"

नीरजाला हसू आलं, रडूही येत होतं. "तुमचं नाव कसं घेईल ती? शेवटी म्हणायची, 'आणि खाली घंटा घेऊन बसलेत, त्या इकडच्या स्वारीला...'"

टूं.

जुन्या, पातळ आवाजात. गोपाळराव दचकले.

योगेंद्रनं अंगठा उचलला होता, वेळेवर. तो चांगला मोजणारा होता. "इक्कीस," तो म्हणाला, "थोडा ऊपर." मग त्यांनी आणखी तीनदा लावलं आणि तिन्ही वेळा आकडा केसभर इकडे-तिकडे तोच आला. त्या तिन्ही वेळा नीरजाचे ओठ हलत होते, आणि दुसऱ्या वेळेपासून गोपाळरावांचेही.

योगेंद्रनं पिशवीतून नवा लॅपटॉप काढून मांडीवर घेतला, ॲपमधली घंटेची जागा उघडली. तिथं त्यानं गेल्या रविवारीच तात्पुरतं दोन लिहून ठेवलं होतं. तो त्या दोनकडे पाहत राहिला.

"काका, एक अडचण आहे. एवढा पॉज ठेवला तर लोकांना वाटेल बिघडलंय. सूर्य बुडाला असं लिहून येईल आणि घंटा नाही. एक एक स्टार देतील. काढून टाकतील ॲप."

"असं?" शरदचंद्र म्हणाले. मोजणाऱ्या माणसाला अडचण खरी आहे हे दिसत होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि ते लहान मुलासारखे मुलीकडे बघू लागले.

"दोन सेकंदांत," नीरजा म्हणाली, "तुझं नाव आलं नसतं, योग्या."

योगेंद्रनं आपल्या डाव्या कोपराकडे पाहिलं. हात सरळ होता. मग त्यानं दोनचा आकडा खोडला, एकवीस लिहिले, आणि ते 'थोडा ऊपर' कसं लिहायचं ते विचारायला लॅपटॉप काकांपुढं सरकवला.